संघ घेतल्याची तार

लीगमध्ये नवा संघ घेणार अशी बातमी आली की माझ्या तळहातांना अजूनही घाम येतो. परवाच आली. आमच्या जुन्या खेळाडूंचा फोनवर एक गट आहे. त्यात सगळे सत्तरी ओलांडलेले, गुडघे गेलेले, पण जिभा शाबूत. देशातल्या मोठ्या लीगमध्ये पुढच्या हंगामात आणखी एक क्लब येणार म्हणे, त्याचा प्रशिक्षक परदेशातला, आणि तो तीन बॅक लावून खेळतो. त्यावर सकाळी जी जुंपली ती दुपारपर्यंत मिटेना. तीन बॅक म्हणजे घराची मागची भिंत पाडून झोपणं, असं एकाने लिहिलं. तुझ्या काळात तरी किती बॅक होते, तुला धरून दोनच, असं दुसऱ्याने त्याला ऐकवलं. मी वाचत होतो, हसत होतो आणि हात पंचाला पुसत होतो. सुनेने विचारलं, बरं नाही का वाटत? मी म्हटलं, थंडी आहे. थंडीत घाम कसा येतो असं तिने विचारलं नाही, एवढी ती शहाणी आहे.

थंडी होतीच. मार्गशीर्ष लागला होता, शिवारात जोंधळा निसवला होता, आणि सकाळी स्टेशनाकडून येणाऱ्या वाऱ्यात कोळशाचा वास नसूनही मला तो येत होता. माणसाच्या नाकाला साल कळत नाही. या दिवसांत माझ्या नाकात एकच साल असतं, एकाहत्तर. त्या सालचा डिसेंबर मी भिऊन काढला. तशी तेव्हा सगळ्यांनाच भीती होती, लढाई होती, नगरला लष्कराची छावणी असल्यामुळे जिल्हाभर दिवे झाकले जात होते. पण माझी भीती वेगळी होती. ती मी स्वतःच्या हाताने लिहून पाठवली होती.

काष्टीत फुटबॉल कसा आला हे आधी सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नाही. गाव कुस्तीचं आणि कबड्डीचं. शनिवारी जनावरांचा मोठा बाजार. त्या बाजारतळावर रविवारी आम्ही शेण उचलायचो, खुरांचे खड्डे मातीने बुजवायचो आणि संध्याकाळी खेळायचो. किसनने हे वेड आणलं. तो सैन्यात होता, पलटणीच्या संघात डाव्या हाफला खेळायचा. एका रजेत येताना त्याने ट्रंकेतून चेंडू आणला. पुढच्या रजेत नियमांची पुस्तिका आणली. तिसऱ्या रजेपर्यंत आमचा अकरा जणांचा संघ झाला होता, त्यात मी, नुकताच शाळेत लागलेला मास्तर, उजव्या बगलेला होतो. मला पळता येत होतं. चेंडू बरोबर आणता येत नव्हता, ती गोष्ट निराळी.

संघ नोंदवायचा तर पत्ता लागतो. आमच्याकडे ना कचेरी ना खोली. पाटलांच्या ओसरीचा पत्ता द्यावा असं बहुतेकांचं म्हणणं होतं. किसनने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, पत्ता आमच्या घरचा राहील. त्याचं घर बौद्धवाड्यात. मग तो हसत म्हणाला, “ज्याला माझ्या पायातला चेंडू चालतो, त्यानं कार्ड न्यायला माझ्या दारात यायला काय हरकत हाय?” हरकत होती, पण ती बोलून दाखवायची कोणाची छाती झाली नाही, कारण चेंडूही त्याचाच होता. तेव्हापासून संघाचं प्रत्येक कार्ड किसनच्या घरी यायचं आणि आम्ही ते आणायला तिथे जायचो. पहिले काही दिवस उभ्या उभ्या. मग बसून. मग किसनच्या आईने गुळाचा चहा ठेवला, तो कोणी प्यायला, कोणी नाही. वर्षभरात सगळेच पिऊ लागले आणि आमचा अड्डा तिच्या अंगणात हलला. तिला आम्ही तान्हामावशी म्हणायचो.

मावशी एकटीच असायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक तिकडे जामखेडला दिलेली. किसनने तिला एक ट्रान्झिस्टर आणून दिला होता. पावसाळ्यात त्यावर कलकत्त्याच्या सामन्यांचं वर्णन लागायचं. आवाज मधेच बुडायचा, मग आम्ही सगळे बुडालेल्या आवाजात गोल झाला की नाही यावर भांडायचो. गफूरभाई शिंपी आमचा पंडित. पुण्याच्या पेपरातलं खेळाचं पान त्याला तोंडपाठ. कलकत्त्याचा कोणता फॉरवर्ड या क्लबातून त्या क्लबात गेला, कोण पंजाबात चाललाय, हे तो अशा काळजीने सांगायचा की जणू घरातली सोयरीक मोडली आहे. अंगणात अकरा चिंचोके मांडून तो डावपेच समजावायचा. जुनी पद्धत तीन बॅकची. किसनने पत्रातून कळवलं होतं की आता मोठे संघ चार बॅक ठेवतात, आपणही ठेवा. गफूरभाईला ते पटत नव्हतं. तव्यावरची भाकरी उलटता उलटता मावशी ऐकत असायची. एकदा ती उठून आली, चिंचोक्यांकडे बघितलं आणि म्हणाली, “चार गडी मागं बशीवलं तर मधी कोन हाय? समदं मैदान उघडं.” आणि पुढचा एक चिंचोका उचलून तिने मधे ठेवला. गफूरभाईने तो परत हलवला नाही. पुढे आम्ही तसेच खेळलो.

त्या दिवाळीनंतर बातमी आली की पुण्याच्या लीगमध्ये दोन संघ वाढवणार आणि जिल्ह्याबाहेरचाही एक घेणार. लीग पावसाळ्यात, पण निवड डिसेंबरातच. आमचे इतर सगळे विषय बंद पडले. दौंडचाही एक संघ अर्ज करणार होता, रेल्वेतल्या माणसांचा, बूट घालून खेळणारा. आमच्यातले पाच जण अनवाणी. मी अर्ज लिहिला, किसनच्या घरचा पत्ता घातला, आणि किसनला पत्र पाठवलं की संघ घेतला तर तू रजा काढूनच ये. त्याचं उत्तर आलं नाही. त्याआधी लढाई सुरू झाली.

मग अंगणात ट्रान्झिस्टर लागायचा तो फक्त बातम्यांना. मावशी मधोमध बसायची आणि आम्ही भोवती. बातम्यांत गावांची नावं यायची, ती कुठे आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि किसन कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येक नाव त्याचंच गाव वाटायचं. बातम्या संपल्या की मावशी विचारायची, चांगल्या हायेत का वाईट? गफूरभाई सांगायचा, चांगल्या. खेळाचं पान आम्ही अजून वाचत होतो, पण चोरून.

आमच्या पोस्टात तेव्हा तार उतरत नव्हती. ती श्रीगोंद्याला यायची आणि तिथून एक माणूस सायकलवर घेऊन यायचा. सैन्यात गेलेली पोरं आसपासच्या गावांतून पुष्कळ होती. तो सायकलवाला रस्त्याला दिसला की ज्यांची पोरं लढाईत होती त्या बाया दारात येऊन उभ्या राहायच्या आणि तो पुढे जाईपर्यंत तिथेच राहायच्या.  त्या बिचाऱ्याने घंटी वाजवणंही सोडून दिलं होतं. हे मी रोज डोळ्यांनी बघत होतो, शाळेच्या खिडकीतून. बघत होतो हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे मी जे केलं त्याला मला माहीत नव्हतं ही सबब चालत नाही.

पुण्याची बैठक त्याच आठवड्यात होती. लढाईमुळे ती पुढे जाईल असं वाटलं होतं, गेली नाही. मी रजा टाकून गेलो. टेबलामागे तिघे बसले होते. त्यांनी मैदान केवढं विचारलं, मी सांगितलं. सपाट आहे का विचारलं, मी खोटं सांगितलं. एकाने विचारलं, कोणती रचना खेळता? मी चार बॅक, पण मधे एक जास्त, असं सांगताना मावशीने चिंचोका ठेवला तसं बोट ठेवून दाखवलं. ते एकमेकांकडे बघून हसले. बाराच्या आत निकाल कळला, आमचा संघ घेतला होता, दौंडचाही.

मी रस्त्यावर आलो तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. मला आणखी दोन दिवस चुलतभावाकडे राहायचं होतं, आणि शनिवारचा बाजार तोंडावर होता. बाजारात अख्खा संघ एकत्र असणार. त्याआधी बातमी पोचायला हवी असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला तार करायची हौस होती. जन्मात कधी केली नव्हती. तार करणारा माणूस म्हणजे कोणीतरी मोठा, असं मला वाटायचं. तारघरात फॉर्म घेतला आणि इंग्रजीत लिहिलं, टीम सिलेक्टेड, स्टार्ट प्रॅक्टिस, वसंत. पत्ता लिहायला तर विचारही करावा लागला नाही. दोन वर्षं संघाच्या प्रत्येक कागदावर मी जो लिहीत होतो तोच हाताने आपसूक लिहिला.

समोरच्या हॉटेलात मिसळ मागवली. पहिला घास घेतला आणि मनात आलं, तार घेतल्याची सही कोण करणार? मावशीला सही येत नाही, अंगठा देईल. सायकलवाला शाईचा डबा काढेल. तिचा अंगठा धरेल. घास तोंडातच राहिला.

मी पळत परत गेलो. खिडकीतल्या कारकुनाला म्हटलं, मघाची तार थांबवा. तो म्हणाला, गेली. मी म्हटलं, मग दुसरी करतो, पहिलीला घाबरू नका म्हणून. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. तो वयस्कर माणूस होता. त्याने माझ्या हातातला कोरा फॉर्म काढून घेतला आणि म्हणाला, “एका दारात एका दिवसात दोन तारा पाठवू नका. तुम्ही स्वतः जा.”

मी गेलो. त्या प्रवासातलं मला अजून सगळं दिसतं, आणि त्यातलं काहीच मी तेव्हा नीट बघत नव्हतो. दौंडपर्यंतची गाडी स्टेशना-स्टेशनावर थांबत होती. दौंडला मनमाडकडची पॅसेंजर मिळेना, कारण लष्करी गाड्यांना आधी वाट द्यायची होती. ताडपत्रीखाली झाकलेल्या तोफा आणि गाड्या पुढून सरकत होत्या. डब्यांच्या दारांत बसलेले जवान हात हलवत होते, फलाटावरची माणसं त्यांना पेरू आणि भाकऱ्या देत होती, बायका ओवाळत होत्या. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो. किसन त्यात नसणार हे कळत असूनही बघत होतो. वाटत होतं, हे सगळे पुढे निघालेत, आणि मी एक माणूस घरी बसलेल्या बाईला मारायला मागे चाललो आहे. तार श्रीगोंद्याला उतरली असेल का? संध्याकाळी उतरली तर सकाळपर्यंत तिथेच राहील. सकाळी सायकलवाला निघायच्या आत मी पोचलो तर काहीच झालं नाही असं होईल. मी हिशेब मांडत राहिलो, गाडी काही येईना. ती आली तेव्हा उजाडलं होतं.

काष्टी स्टेशनावर उतरून मी गावाकडे जवळजवळ धावतच निघालो. कडेच्या जोंधळ्यावर दव होतं. रस्त्याच्या मऊ मातीत सायकलच्या चाकाचा ओला माग दिसला, जाण्याचा आणि येण्याचा. 

मावशीच्या दारात बायका उभ्या होत्या, बाप्ये लांब रस्त्याच्या पलीकडे. कोणी रडत नव्हतं, ते जास्त वाईट होतं. गफूरभाई उंबऱ्याशी बसला होता. त्याने मला हळू आवाजात सांगितलं की तार सकाळीच आली. मावशीने अंगठा दिला, पाकीट घेतलं, न फोडता जमिनीवर ठेवलं, त्यावर पाट टाकला आणि पाटावर बसली. ती उठायला तयार नाही आणि कोणाला वाचू देत नाही. मी वाचतो म्हणालो तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, असं गफूरभाई म्हणाला.

मी आत गेलो. चूल विझलेली. मावशी पाटावर ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, पदर डोक्यावरून नीट घेतलेला. लग्नाला आलेली बाई बसते तशी.

“आलास व्हय,” ती म्हणाली. “बस.”

मी बसलो नाही. एका दमात सांगून टाकलं, “मावशी, ती तार माझी हाय. मी केलीया पुन्याहून. आपला संघ घेतला लीगमधी. बाकी काय न्हाई त्याच्यात.”

तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग लहान मुलाची चूक समजावून सांगावी तसं म्हणाली, “संघाची बातमी कार्डानं येती, वसंता. तारेनं एकच बातमी येती.”

मी म्हटलं, उठ, मी वाचून दाखवतो. बऱ्याच वेळाने ती उठली. मी पाट सरकवला, पाकीट फोडलं. आत माझेच शब्द होते, कोणा परक्याच्या हाताने लिहिलेले. मी वाचू लागलो आणि माझा हात कापायला लागला. थांबवता येईना. रात्रभराची भीती त्या हातात उतरली होती. कागद वाजत होता. मावशी कागदाकडे बघत नव्हती, वाचता येत नाही त्या माणसाने कागदाकडे बघून काय करायचं? ती माझ्या हाताकडे बघत होती.

“कापू दे,” ती म्हणाली. “तुजाबी दोस्तच हुता त्यो.”

हुता. तो शब्द मी अजून विसरलेलो नाही. मी शपथा घेतल्या, आईची घेतली, गफूरभाईला आत बोलावून त्याच्याकडून तार वाचून घेतली. त्याने तेच वाचलं. मावशीने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, दया होती. आपल्यासाठी एवढं खोटं बोलावं लागतंय या पोरांना, अशी. तिने तार माझ्या हातातून घेतली, घडी केली आणि म्हणाली, “आता खरी तार आली तरी तुमी हीच वाचून दावाल.” मग ती पाणी भरायला गेली.

मला वाटतं, त्या क्षणापासून मी जो घाबरलो तो आजपर्यंत पुरता सावरलेलो नाही. आदल्या रात्री मी भ्यालो होतो की धक्क्याने तिचं काही बरंवाईट होईल. तसं झालं नाही. ती जेवत होती, रानात जात होती, आम्हाला चहा देत होती. फक्त तिच्यासाठी किसन मेला होता आणि तो मी मारला होता. वर तिने आमच्यावर विश्वास ठेवायचा सोडला, म्हणजे किसनला खरोखर काही झालं असतं तर ते तिला सांगायलाही आता जगात कोणी उरलं नव्हतं. आणि नाही झालं, हे सांगायलाही नव्हतं.

पुढे लढाई संपली. गावात पेढे वाटले. मावशीने पेढा घेतला आणि कपाळाला लावून बाजूला ठेवला. आम्ही बाजारतळावर सरावाला लागलो, खरं तर तिने बघावं म्हणूनच जोरात लागलो. ती आली, कडेला उभी राहिली, आमचे चार बॅक बघितले आणि परत गेली. नंतर ती गफूरभाईच्या बायकोला म्हणाली की समदं गाव माझ्यासाठी सोंग करतंय, इतकी माया कोनाला मिळत न्हाई. पुण्याहून शिक्का मारलेलं पत्र आलं, संघ घेतल्याचं. ते मी तिला नेऊन दाखवलं. तिने शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, कागदबी करून आनला व्हय.

किसनचं कार्ड यावं म्हणून मी देवाला काय काय बोललो ते सांगत नाही. आलं. पण त्याच्यावरची तारीख तारेच्या आधीची. मावशीने विचारलं, कवाचं हाय? मला खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो. जानेवारीत दुसरं आलं, तारीख नवी, मजकूर दोन ओळींचा, मी बरा आहे, काळजी करू नये. मी धावत तिच्याकडे गेलो. तिने कार्ड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. तिला वाचता येत नव्हतं, पण किसनच्या अक्षराचं वळण तिला ठाऊक होतं, उजवीकडे झुकलेलं. हे अक्षर सरळ उभं होतं.

“ह्ये त्याचं न्हाई,” ती म्हणाली.

मी बघितलं. नव्हतंच. मी घरी आलो, जुनी कार्डं काढून ताडून बघितली. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं की मावशीचं बरोबर असेल. कोणीतरी तिकडे, आमच्यासारखंच कोणी, दयेने लिहीत असेल. महिन्याभराने आणखी एक कार्ड आलं, ते तिसऱ्याच अक्षरात. ते मी तिला दाखवायचं धाडस केलं नाही. गफूरभाईच्या शिलाई यंत्राच्या खणात ठेवलं. गफूरभाई कापड बेततानाही त्या खणाकडे बघायचा नाही. आम्ही दोघं समोरासमोर बसून लीगच्या गप्पा मारायचो, दौंडच्या सेंटर फॉरवर्डला कोण धरणार, पावसात चार बॅक टिकतील का, आणि आमचा एकमेकांच्या एकाही शब्दावर विश्वास नव्हता. सायकलवाला दिसला की आता मीही शाळेच्या दारात येऊन उभा राहायचो.

परवाच्या त्या गटात कोणीतरी मला विचारलं, मास्तर, तुम्ही गप्प का, तीन बॅक की चार? मी चार असं लिहिलं. त्यांना हसू आलं असेल, म्हातारा अजून जुन्या वादात आहे. माणूस वाद घालतो तेव्हा त्याच्या मनात काय चाललेलं असतं ते समोरच्याला कळत नाही. आमच्या त्या हिवाळ्यातल्या गप्पा कोणी ऐकल्या असत्या तर म्हणाला असता, किती सुखी माणसं.

शिमग्याच्या आधीच्या शनिवारी, भर बाजारात, किसन आला. बैलांच्या दावणीतून एक हडकुळा माणूस ट्रंक डाव्या हातात घेऊन चालत होता, उजवा हात बांधलेला. मी ओळखलं. गफूरभाई दुकान उघडं टाकून धावला. आम्ही त्याला मधे घेऊन वाड्यात गेलो, मागे अर्धा बाजार. मावशी दारात निवडायला बसली होती. तिने वर बघितलं. सूप खाली ठेवलं. उठली नाही, त्यालाच खाली बसायची खूण केली. मग त्याच्या तोंडावरून, गळ्यावरून, खांद्यावरून हात फिरवत ती उजव्या हातापाशी आली. पट्टीखाली दोन बोटं नव्हती. ती तिने बाहेरून मोजली.

“म्हनून अक्षर निराळं,” ती म्हणाली.

तेव्हा मला समजलं. किसनने मान हलवली. दोन्ही कार्डं दुसऱ्यांनी लिहिली होती, शेवटचं दवाखान्यातल्या माणसाने, असं तो म्हणाला.

मावशी आत गेली आणि माझी तार घेऊन आली. माझ्याकडे न देता किसनच्या डाव्या हातात दिली. तू वाच, म्हणाली. त्याने वाचली, अर्थ सांगितला. संघ घेतला, सराव सुरू करा, वसंत. तिने विचारलं, एवढंच हाय? तो म्हणाला, एवढंच हाय, आई. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ती मला बोलेल, शिव्या देईल, एक थोबाडीत तरी देईल, असं मला वाटत होतं, आणि द्यावी असंही वाटत होतं.

ती म्हणाली, “मग इतकं दिस मी रडले ती कुनाला?”

तिला रडताना आमच्यापैकी कोणी कधीच बघितलं नव्हतं.

 किसनने तारेचा कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाला, “हात गेल्यावरचं माझं पयलं कार्ड ज्यानं लिव्हलं, त्याला. आमच्याच पलटनीतला. साताऱ्याकडचा. मला दवाखान्यात धाडलं, त्यो मागं ऱ्हायला. लढाई संपल्यावर सुरुंग काढत हुते, त्यात गेला.”

 मावशीने त्या मुलाचं नाव विचारलं, गाव विचारलं, आई हाय का विचारलं. किसन म्हणाला, हाय. मग ती माझ्याकडे वळली. तारेच्या दिवसानंतर पहिल्यांदा ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलली.

“वसंता, तिला कार्ड लिव्ह. म्हनावं, तुझ्या लेकासाठी हितं एक बाई लई रडली, तिला ठावं नव्हतं तरी.”

मी कार्ड आणलं, उंबऱ्यावर बसलो, त्या गावाचं नाव लिहिलं. माझा हात पुन्हा कापायला लागला. मावशी शेजारी बसली आणि मी लिहून होईपर्यंत तिने माझं मनगट धरून ठेवलं.